दारफाळणी

१

सकाळी आधी आईला चहा, मग पटाशांना धार आणि वेळ उरलाच तर मला चहा, असा आमच्या घरचा क्रम होता. इंदापूरला बंद पडलेल्या वखारीच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. वडील होते तोवर वखारीत ओंडके फाडले जायचे. ते गेल्यावर वखारीला कुलूप लागलं आणि शेड माझ्या ताब्यात आली. मी लाकडात कोरीवकाम करते. बाईनं दिवसभर पटाशीवर मोगरी हाणत बसावं हे गावाला सुरुवातीला जड गेलं, मग गावाला दुसरे विषय मिळाले.

पंच्याण्णव सालच्या चैत्रात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी माझी आई, बनाबाई, एका शब्दावर आली. ‘व्हय.’ भूक लागली का, व्हय. दुखतंय का, व्हय. मी कोण आहे सांग, व्हय. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, यापुढं फार सुधारणा नाही, आहे ते सांभाळा.

माझा भाऊ रणजित बारामतीलाच राहतो. तो आईला न्यायला आला तेव्हा मी गाडीच्या दारात उभी राहिले.

‘राजे, उगं हट्ट करू नगंस,’ तो म्हणाला. ‘तितं डॉक्टर जवळ हाय. तू लाकूड कोरत बसनार का आईचं करनार?’

‘दोन्ही करीन. दिवाळीपर्यंत आई बोलली नाही तर घेऊन जा. बोलली तर ती इथंच राहील.’

तो आईकडं वळला. ‘आई, हिच्याकडं ऱ्हानार का माझ्याकडं?’

‘व्हय,’ आई म्हणाली.

त्या दिवसापासून मी रोज तिच्या उशाशी बसून घोकायला लावायची. पाणी म्हण. मीठ म्हण. राजी म्हण. ती डोळ्यांनी प्रयत्न करायची आणि शेवटी ‘व्हय’ म्हणून मान वळवायची. मला रडू यायचं, पण रडायला शेडमध्ये जायचं असं मी ठरवलं होतं.

२

श्रावणात रूबेन चौलकर टेम्पोतून सागाची चकती घेऊन आले. चौलकर म्हणजे पाटबंधारे खात्याचे निवृत्त ओव्हरसियर. उजनी धरणाच्या कामावर आले आणि इथंच राहिले. इंदापुरात ज्यू घर ते एकच. मूळचे अलिबागकडचे, बोलणं मराठीच, पण शनिवारी सायकलला हात लावायचे नाहीत. त्यांची बायको वारली होती आणि मुलगी इस्राएलात होती. दिवाळीनंतर ती त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. घर विकूनही झालं होतं.

चकती उतरवायला चार माणसं लागली. जुन्या सागाच्या बुंध्याचा आडवा काप, जात्याच्या पाळीसारखा गोल, पण कितीतरी मोठा. त्यांच्या कोकणातल्या अंगणातला साग होता तो. मी ओला फडका फिरवला आणि वलयं वर आली. दाट, बारीक, मधूनच थोडी लाटेसारखी वाकलेली.

‘झाडाला वर्षाला एक वलय येतं,’ चौलकर म्हणाले. ‘आपण एक वलय म्हणजे एक पिढी धरायची. मधोमध गाभ्यात फुटलेलं गलबत काढा. आमच्यात सांगतात, गलबत फुटलं आणि सात जोडपी किनाऱ्याला लागली. पोथ्या बुडाल्या. प्रार्थनेची एक ओळ तेवढी तोंडात राहिली. मग तेलाचा घाणा काढा, शनिवारी सोडलेला बैल काढा. आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. मग पलटणीतले शिपाई, रेल्वेतले बाबू. अगदी कडेला माझं घर काढा, इंदापूरचं.’

‘आणि ही चीर?’ मी विचारलं. कडेपासून गाभ्याच्या जरा अलीकडपर्यंत एक चीर गेली होती. लाकूड वाळताना अशी जातेच.

‘ती भरू नका. ते दार आहे.’ मग ते म्हणाले, ‘तुमच्याकडं पितृपक्षात पान वाढतात ना, तसं दारफाळणीच्या सणाला आमची गेलेली माणसं घरी येतात. यंदा येतील तेव्हा मी आहे. पुढच्या वर्षी त्या घरात दुसरेच असतील. बिचारी कुठं शोधत फिरणार? म्हणून हे घर करून घेतोय त्यांच्यासाठी. मी तिकडं नेईन सोबत.’

त्यांनी पिशवीतून हाताएवढी एक पाचर काढली. त्याच सागाची, गुळगुळीत तासलेली. ‘दारफाळणी हिनंच करायची. यंदा तुमच्या दसऱ्याला संध्याकाळी सण लागतो. मी येईन, तुम्ही फक्त मोगरी द्या.’

मी वखारवाल्याची मुलगी. पाचर ओंडक्यात ठोकतात आणि ओंडका फाळतात, हे मला बोलता येण्याच्या आधीपासून माहीत. फाळणी म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको होतं. मी पाचर खिडकीत ठेवली आणि कामाला लागले.

३

काम सुरेख चाललं होतं. पहिला खटका भाद्रपदात लागला.

मोगरीचा टोला पडला की मागून एक ठोका जास्त यायचा. मी टोला दिला की ठक, आणि लगेच हलकेच दुसरा ठक. मी पत्र्याकडं पाहिलं. पत्र्याची शेड घुमणारच, त्यात नवल काय! मी आडवी काठी बांधून त्यावर पोती टाकली. घुमणं थांबलं, पण दुसरा ठोका थांबला नाही.

त्याच महिन्यात एका सकाळी देशभरचे गणपती दूध प्यायले. आमच्या गल्लीतली रांग वखारीच्या फाटकापर्यंत आली होती. मी वाटी-चमचा घेऊन सगळ्यांना पृष्ठताण समजावत फिरले आणि दोन बायकांशी कायमचं वाकडं घेतलं. अशा बाईनं लाकडातल्या ठोक्याला घाबरणं शोभलं नसतं. साग आतून वाळतोय, ताण सुटतोय, म्हणून आवाज होतो, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असू शकतं.

एकदा मी टोला द्यायला हात उचलला आणि आई खोकली म्हणून तसाच थांबवला. ठोका आला. मोगरी माझ्या हातात वरच होती.

तो काही दणका नव्हता. दुपारी कुणाच्या घरी जायचं, लोक झोपले असतील, म्हणून माणूस बोटाच्या पेरानं हळूच दार वाजवतं, तसा होता. मी चिरेला कान लावला. सागाला जुन्या तेलाचा वास असतो, तो आला. पलीकडं कुणीतरी श्वास धरून उभं असावं तशी शांतता होती. मी कान काढून घेतला तेव्हा गालावर गार वारा लागल्यासारखं झालं, आणि चकती तर भिंतीला टेकून उभी होती.

‘आज नाही,’ मी मोठ्यानं म्हणाले, आणि आपण कुणाशी बोललो हे कळून मला स्वतःचाच राग आला. मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त काम केलं.

४

खंडेनवमीला मी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळेस पूजा उतरवायची आणि एक शुभ टोला द्यायचा, ही वडिलांची पद्धत. काम पुरं झालं होतं. गाभ्यात गलबत, भोवती सात जोडपी पाण्यातून चालत येताहेत, पुढं वलयावलयातून त्यांचा गोतावळा. चीर तेवढी कोरी ठेवली होती.

दुपारपासून मी चौलकरांची वाट पाहत होते. ते पुण्याला भाच्याकडं गेले होते. त्यांच्याऐवजी समोरच्या एसटीडी बूथचा झुंबर आला.

‘ताई, चौलकरसाहेबांचा फोन व्हता पुन्यावरनं. छातीत दुखतंय, डॉक्टर सोडत न्हाईत. म्हनाले, वाट बघू नका, दारफाळणी तुमीच करा. पाचर तुमच्यापाशी हाय म्हनं.’

‘कधी करायची?’

‘दिस मावळायच्या आत. मावळल्यावर त्यांचा उपास लागतो, उद्या सांजच्यापातुर फोनला हात लावायचा न्हाय म्हनाले. दोनदा बजावलं, ताई. इसरू नगा म्हनावं.’

मी विसरणारी नव्हते. आजारी माणसानं विश्वासानं सोपवलेलं काम. ऊन कलत असताना मी मोगरीला हळदकुंकू वाहिलं, पाचर चिरेत धरली आणि गाभ्याच्या दिशेनं टोला दिला. साग जुना होता, पण चीर सरळ गेली. कडकन आवाज झाला आणि ती गलबताच्या मधोमध जाऊन थांबली. मी पाचर हलवून काढून घेतली. आता चिरेत माझी चार बोटं जात होती. दार झालं, मी मनाशी म्हणाले, आणि आपट्याची पानं आईच्या हातात ठेवायला घरात गेले.

आई दाराकडं बघत होती. तिनं डावा हात अंथरुणावरून उचलला आणि कपाळावरचा पदर पुढं ओढला. घरात मोठी माणसं आली की ती तसं करायची. मी मागं वळून पाहिलं, दारात कुणी नव्हतं.

५

‘राजे, पाव्हन्यांना पानी दिलंस का?’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. गाळणी माझ्या हातातून पडली. सहा महिन्यांनी आई बोलली होती, आणि तेही अख्खं वाक्य! मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले, रडले, हसले. शेडमध्ये जाऊन रडायचं वगैरे सगळं विसरून गेले. ‘पाणी म्हण, आई. परत म्हण.’

‘आगं, मला काय शिकवतीस? लोक बसल्यात. त्यांचा आज उपास हाय म्हनं, पानीबी नगं म्हनत्यात. तरी इचारावं आपन.’

‘कोण लोक?’

‘ही काय,’ ती म्हणाली आणि डाव्या हातानं खोलीभर दाखवलं.

खोलीत खाट, ट्रंक आणि मी. मेंदूतला रक्ताचा गोळा विरघळतो तेव्हा माणसाला नसलेलं दिसतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. बोलणं परत आलंय ना, मग भास कमी होतील. मी हे पटवून घेतलं आणि मोठ्या आनंदात कामाला लागले. रणजितला आजच बोलवावं, त्याचं तोंड बघावं, असंही ठरवलं.

आई दिवसभर बोलत होती. ती बोलायची आणि थांबायची. समोरचं माणूस उत्तर देईल तेवढंच थांबायची. मग हसायची किंवा ‘आगं बाई!’ म्हणायची. तिची नजर एकीकडून दुसरीकडं जायची. काही वेळा वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडं, काही वेळा खाली, जमिनीवर बसलेल्यांकडं. घरात तेलाचा वास होता. तो आईच्या मालिशच्या तेलाचा असं मी धरलं, पण ते तिळाचं होतं आणि हा खोबरेलाचा, नुकत्या काढलेल्या तेलाचा वास होता.

दुपारी मी तिला पेज भरवायला गेले. वाटी घेऊन दारातून खाटेकडं जाताना माझ्या लक्षात आलं, की मी अंग चोरून चालते आहे. पदर सावरून, तिरकी होऊन, पाऊल जपून. रिकाम्या खोलीत. सकाळपासून मी अशीच चालत होते. लग्नघरात बायकांच्या पंगतीमधून वाट काढतात तशी. मी मुद्दाम सरळ चालायचं ठरवलं आणि एक पाऊल टाकलं. पुढचं टाकवेना. समोर काही नव्हतं, तरी कुणाच्या तरी मांडीवर पाय पडेल अशी लाज मला वाटली.

मग ते ऐकू आलं. कितीतरी तोंडं हळू आवाजात एकच ओळ म्हणत होती. संपली की पुन्हा तीच. भाषा माझी नव्हती. आईचे ओठही हलत होते.

‘आई, बंद कर,’ मी म्हणाले.

‘लई चांगली मानसं हायती,’ ती म्हणाली. आवाज खाली गेला होता, डोळे खोल गेले होते. मी तिचा डावा हात धरायला गेले तर तो गार होता आणि बोटं अशी वळलेली, की तो आधीच कुणी धरला आहे. ‘मला समुद्र दावतो म्हनत्यात, राजे. म्या कवा बघितला समुद्र? तुझ्या बापानं अलिबाग-अलिबाग करून जलम काढला, न्हेलं का कधी?’

‘तू कुठंही जायचं नाहीस.’

आई हसली. ‘व्हय,’ म्हणाली.

तेव्हा मी खरोखर घाबरले. तोवर जे काही होतं ते माझ्याशी होतं. आता ते तिच्याशी होतं.

६

तिन्हीसांजेला मी झुंबरच्या बूथवर जाऊन बसले. उपास सुटल्याबरोबर चौलकरांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

‘झालं ना नीट? बसली ना पाचर घट्ट?’

‘बसली म्हणजे? पाचर काढून घेतली मी. चीर फाळली पार गाभ्यापर्यंत.’

पलीकडं पुण्याच्या रस्त्यावर हॉर्न वाजला.

‘राजलक्ष्मीबाई, फाळणी म्हणजे लावणं. दार लावणं. आमच्या आज्या-पणज्यांचा शब्द तो. त्या संध्याकाळी आम्ही दारं लावून घेतो, आमची माणसं आत, आम्ही आत. पाचर मारून ती चीर बंद करायची होती तुम्ही.’

‘मला काय ठाऊक! आमच्यात फाळणी म्हणजे दोन करणं.’

‘चूक माझीच. तुम्हाला समजलं असं मी धरून चाललो.’ मग अगदी हळू, ‘आली का?’

‘आली,’ मी म्हणाले.

‘कशी आहेत?’ त्यांनी विचारलं. त्या आवाजात इतकी माया होती, की माझा राग अर्धा विरला. मी सांगितलं, पाणीही घेत नाहीत, आईशी बोलतात, आई त्यांच्याबरोबर निघायचं म्हणते.

‘ऐका,’ चौलकर म्हणाले, आणि आता ते धरणावरच्या ओव्हरसियरच्या आवाजात बोलू लागले. ‘उद्या शिळा सण. उद्या ती आपणहून जातात. भली माणसं आहेत, एक घटकाही जास्त थांबणार नाहीत. तुम्ही जा म्हणायचं नाही. त्यांच्या आधी दारही लावायचं नाही. पण सगळी गेली की क्षणभर थांबू नका, लावून टाका. घरातलं कुणी मागोमाग जाऊ नये म्हणून.’

‘सगळी गेली हे कळणार कसं?’

‘घर मोकळं झालेलं कळत नाही का बाईमाणसाला?’

रस्ता ओलांडताना एक विचार मनात आला आणि तो मी चांगला वाजवून पाहिला. दार उघडंच ठेवलं तर आई बोलत राहील. रणजित येईल, बघेल, हात हलवत परत जाईल. मी जिंकेन. शेडच्या दाराशी येईपर्यंत मी तो विचार टाकून दिला. बोलकी आई जाण्यापेक्षा मुकी आई राहिलेली बरी. न्यायचं तर रणजितनं न्यावं, बारामती काही समुद्रापलीकडं नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला पेज भरवली, तोंड पुसलं, आणि तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली. अर्धांग झालेल्या बाईच्या खोलीला कडी! कुणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. मग मी शेडमध्ये तयारी केली. चकतीभोवती दोरखंड गुंडाळला आणि त्यात दांडा अडकवला, पिळला की चीर आवळत येईल असा. शेगडीवर सरस उकळत ठेवला. बाजारचा डिंक मी वापरत नाही. वडिलांच्या पद्धतीचा सरस एकदा बसला की लाकूड शेजारून फुटेल, पण जोड सुटणार नाही. पाचर आणि मोगरी हाताशी घेऊन मी बसले.

ऊन पत्र्यावर चढलं. पत्रा कडकड वाजू लागला. घराच्या बाजूनं आईच्या बोलण्याचा आवाज येत होता, निरोपाच्या वेळचा, भरभर. या हं पुन्यांदा. असं कसं, थांबा की जरा. मग चपला पायात सरकवल्याचे आवाज, एक, दोन, पुष्कळ. लहान मुलाला कुणीतरी दटावलं. ती ओळ म्हणणं घरातून निघालं, अंगणात आलं, शेडमध्ये आलं. मी मोगरी घट्ट धरली आणि नजर जमिनीवर ठेवली.

माझ्या दोन्ही बाजूंनी ते गेले. दिसलं काहीच नाही, पण शेगडीतला जाळ त्या बाजूला कलत होता. भुसा हलत होता. चिरेतून वारा येत होता, ओला आणि खारट. मी समुद्र एकदाच पाहिलाय, पण तो वास माणूस विसरत नाही.

मान वर करायची नाही असं ठरवलं होतं, तरी शेवटी मी वर पाहिलं. एक हात दिसला. बाईचा, हिरव्या बांगड्यांचा, मनगटाच्या वर काही नाही. त्यानं चिरेच्या कडेला बोटं लावली, मग ती बोटं वर गेली, जिथं ओठ असावेत तिथं. चौलकर आपल्या चौकटीला हात लावून घरात शिरताना अगदी तसंच करायचे. मग हात आत गेला.

वारा थांबला. जाळ सरळ झाला. म्हणणं आधी लांब गेलं, मग गेलंच.

घर मोकळं झालेलं मला कळलं. भिंती मागं सरल्यासारख्या वाटल्या आणि मी कालपासून पहिल्यांदा पाय ताणून उभी राहिले. क्षणभर थांबू नका, चौलकर म्हणाले होते. मी थांबले नाही. दांडा पिळला, दोरखंड करकरला, चीर आवळली. सरस ओतला, पाचर धरली आणि सगळा जीव मोगरीत घालून टोले मारले. पाचर कडेपर्यंत आत गेली. मी वाट पाहिली. मागून काही आलं नाही. सरसाची वाफ विरली, त्यावर साय धरली आणि ती बोटाला चिकटेनाशी झाली, तोवर मी तिथून हलले नाही.

८

मी जाऊन कडी काढली. आत आई अंथरुणावर होती. कुठंही गेली नव्हती. मला एवढं हायसं वाटलं, की मी दारातच खाली बसले.

ती उजव्या कुशीवर वळून झोपली होती. मी पाहत राहिले. चैत्रापासून ती त्या कुशीवर वळलेली नव्हती.

‘आई,’ मी हाक मारली.

ती उठून बसली. कुणाचा आधार न घेता, दोन्ही हात टेकून. तोंड सरळ होतं. ती माझ्याकडं पाहून ओळखीच्या घरी आलेल्या बाईसारखी संकोचून हसली, आणि खाटेच्या कडेला सरकली. मला बसायला जागा करून दिली.

‘बाय, तूच काय राजी?’ ती म्हणाली. आवाज आईचा होता, हेल आमच्याकडचा नव्हता. ‘तुझी आई सारखं सांगत होती हो तुझं.’

‘आई कुठं आहे?’ मी विचारलं.

‘सगळ्यांस पोचवायास गेल्या त्या. मी म्हटलं, नका येऊ, ऊन आहे. ऐकतील तर ना! म्हणाल्या, पाव्हन्यांना दारातनंच कसं लावून देऊ, वाईच पुढवर जाते, समुद्र बघते आन् येते. मी फार दमलेली बाय, पाय चालत नाहीत माझे. तर मला म्हणाल्या, तू पड तोवर माझ्या अंथरुणावर, तिथं माझी लेक हाय, ती बघंल तुला. मी आलेच.’

तिनं पायाजवळची आईची शाल घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

‘येतीलच आता. मग मी जाते हो.’ ती माझ्या हातांकडं पाहत होती. ‘दार उघडंच आहे ना, बाय?’

‘उघडंच आहे,’ मी म्हणाले, आणि शेडकडं पळाले.